टाकी काठोकाठ भरलेली, रेडिएटर रिकामा आणि गाडी पर्वरीच्या जॅममध्ये तापते. काय प्रकरण आहे हे?

शिगमोवाला (धागाकर्ता) | रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी, तीन वर्षं वाचनमात्र होतो, आता गळ्याशी आलं म्हणून पहिला धागा काढतोय, सांभाळून घ्या.

२०० सीसीची लिक्विड कूल्ड बाईक आहे, सहा वर्षं जुनी, ४१ हजार किमी झालेत. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा 'तुझी कंपनी आणि माझी कंपनी' करत भलतीकडे जाईल. रोजचं म्हापसा ते पणजी. पर्वरीला उड्डाणपुलाचं काम निघाल्यापासून गाडी चालवणं कमी आणि पाय टेकत टेकत ढकलणं जास्त, त्यात हा मे महिना. एरवी मीटरवर तापमानाच्या चार दांड्या असतात, गेल्या पंधरा दिवसांत तीनदा सातवर गेल्या आणि लाल दिवा लागला. बाजूला घेऊन अर्धा तास उभा राहिलो, मग निघालो.

आता गंमत बघा. बाजूची कूलंटची टाकी मॅक्सच्याही वर भरलेली असते, कधी कधी खाली रस्त्यावर सांडते. आणि सकाळी थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडलं की आत कूलंट दिसतच नाही, बोट घातलं तरी लागत नाही! मग मी आपला घरचं पाणी ओततो आणि जातो. दुसऱ्या दिवशी परत तेच.

गॅरेजवाला म्हणतो हेड गॅस्केट (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलं, साडेआठ हजार होतील, गाडी चार दिवस ठेवा. गाडीला हातही न लावता म्हणाला, म्हणून जरा शंका येतेय. काय करू?

---

काजूगर | रविवार, रात्री १०:०५

अरे काय कूलंट कूलंट करताय, गोव्यात कुठे बर्फ पडतो? ते अँटीफ्रीझ म्हणतात ना, ते मनालीवाल्यांसाठी. आमच्या बाबांनी खाणीवर जीप चालवली वीस वर्षं, विहिरीचं पाणी घालून. पाणी भर आणि चल. (ह.घ्या.)

---

फोंड्याचा_मास्तर | रविवार, रात्री १०:५०

काजूगर, हलके घेतो, पण हा समज इतक्या लोकांचा आहे की उत्तर द्यायलाच हवं.

कूलंटमधलं ग्लायकॉल गोठू देत नाही हे खरं, निम्मं-निम्मं मिसळलं तर उणे ३७ पर्यंत गोठत नाही, त्याचा आपल्याला काडीचा उपयोग नाही. आपल्याला उपयोग बाकीच्या दोन गोष्टींचा. एक म्हणजे उकळण्याचं तापमान वाढतं. दुसरी, आणि माझ्या मते इथं तीच मोठी, ती म्हणजे त्यात गंज रोखणारी रसायनं असतात. तुमच्या बाबांच्या जीपचं इंजिन बिडाचं, रेडिएटर तांब्या-पितळेचा आणि आत पाण्याच्या वाटा माझं मनगट जाईल एवढ्या. या मुलाच्या बाईकचं हेड, ब्लॉक, रेडिएटर सगळं अ‍ॅल्युमिनियम आणि रेडिएटरच्या नळ्या दोन मिलिमीटरच्या. विहिरीचं पाणी घातलं की आतून खाणार आणि जे खाल्लं ते त्या बारीक नळ्यांत जाऊन बसणार. आमच्या विहिरीच्या पाण्याने नुसत्या बादलीला तांबूस कड धरते, मग इंजिनात काय होत असेल.

आणि उलटा गैरसमज पण असतो बरं का, की पाणी वाईट तर मग शुद्ध कूलंटच भरूया. नको. उष्णता वाहून नेण्यात पाण्याचा हात कोणी धरत नाही, विशिष्ट उष्मा पाण्याचा ४.१८ आणि निव्वळ ग्लायकॉलचा २.४ च्या आसपास. म्हणजे कॉन्सन्ट्रेट तसंच ओतलं तर गाडी जास्त तापेल. निम्मं ते, निम्मं डिस्टिल्ड वॉटर, बॅटरीत घालतो ते.

आता शिगमोवाला, तुझा रोग. साडेआठ हजार खिशातच ठेव. आधी एवढं बघून सांग:

सकाळी गाडी पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण काढ, कूलंट काठापर्यंत भर, झाकण न लावताच इंजिन सुरू कर आणि आत बघत रहा. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे येतील ते सोड. पण सोडा वॉटरसारखे एकसारखे बुडबुडे येत राहिले तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात येतोय, मग गॅस्केटचा संशय खरा. नाही आले तर गॅस्केटवर बिल फाडण्याआधी दुसरीकडे बघू. इंजिन ऑईलचा रंग पण बघ, दूध घातलेल्या चहासारखा झालाय का.

आणि हात जोडून सांगतो, गरम असताना झाकणाला हात लावायचा नाही. आत पाणी शंभरच्या वर असतं, दाबामुळे उकळत नाही एवढंच. झाकण उघडलं की दाब जातो आणि ते तिथल्या तिथे वाफ होऊन तोंडावर येतं. माझ्या उजव्या मनगटावर १९९४ सालचा पुरावा आहे.

---

पेडण्याची_पोर | सोमवार, सकाळी ८:१५

मास्तरांना +१. फक्त ऑईलच्या बाबतीत एक, पावसात माझ्या स्कूटरच्या ऑईलच्या झाकणाला आतून पिवळट पांढरी साय धरली होती, मी रडायच्या बेतात. ती नुसती दमटपणाची वाफ होती, मी रोज घर ते शाळा दीड किमी जायचे त्यामुळे इंजिन कधी नीट तापायचंच नाही. डिपस्टिकवर ऑईल स्वच्छ होतं. एकदा सावंतवाडीपर्यंत जाऊन आले, साय गायब. तर नुसतं झाकण बघून घाबरू नका.

---

डिचोलीकर | सोमवार, सकाळी ९:३०

आमच्याकडे ट्रकांची तांबडी धूळ, त्यामुळे मी पहिल्यांदा रेडिएटरच्या जाळीकडे बघतो. पुढच्या चाकाने उडवलेला चिखल त्या पत्र्यांमध्ये बसतो आणि उन्हात विटेसारखा भाजून निघतो. हवाच आरपार जात नाही तर थंड कुठून होणार? बागेच्या पाइपने हलक्या धारेनं, इंजिनच्या बाजूने पुढे, म्हणजे उलट्या दिशेने धुवायचं. सर्व्हिसिंगवाल्यांच्या त्या जोरदार फवाऱ्याखाली अजिबात देऊ नका, पत्रे झोपतात. माझे झोपवलेत एकाने, दोन संध्याकाळी जुना टूथब्रश आणि सुई घेऊन एकेक उभा करत बसलो होतो, बायको म्हणाली एवढ्या प्रेमाने कधी माझे केस विंचरलेस का.

फॅन चालतो का ते पण बघ. धावत्या गाडीला वारा लागतो, जॅममध्ये सगळा भार त्या फॅनवर. समुद्राजवळ राहत असशील तर कनेक्टरला हिरवा गंज येतो.

---

शिगमोवाला | सोमवार, रात्री ८:२०

सगळ्यांचे आभार. सकाळी सगळं करून बघितलं.

बुडबुडे: सुरुवातीला तीन-चार, मग काही नाही. ऑईल: काळं पण स्वच्छ. फॅन: पाच दांड्या झाल्या की धडधडत सुरू होतो. जाळी: तांबड्या मातीची थोडी होती, धुतली.

एक विचित्र गोष्ट दिसली. रेडिएटरपासून इंजिनकडे जाणारा वरचा जाड होज सकाळी मधोमध चपटा झालेला होता, कोणी चिमटीत धरल्यासारखा. झाकण उघडल्यावर फुस्स करून आवाज आला आणि होज परत गोल!

---

फोंड्याचा_मास्तर | सोमवार, रात्री ९:००

वा! हेच हवं होतं. फुस्स म्हणजे हवा बाहेर आली नाही, आत गेली.

रेडिएटरचं झाकण म्हणजे डब्याचं झाकण नव्हे, त्यात दोन वॉल (व्हॉल्व्ह, झडपा) असतात. मोठी स्प्रिंगवाली दाबाची. झाकणावर बहुतेक १.१ छापलेलं असेल, म्हणजे १.१ बार दाब होईपर्यंत ती बंद. एवढ्या दाबाखाली साधं पाणी सुद्धा १२१-१२२ अंशांपर्यंत उकळत नाही आणि निम्मं-निम्मं मिश्रण १३० च्या आसपास जातं. तापल्यावर कूलंट फुगतं, दाब त्याहून वाढला की ही वॉल उचलते आणि जास्तीचं कूलंट बारीक नळीने बाजूच्या टाकीत जातं.

दुसरी छोटी, मधोमध, नाण्याएवढी. इंजिन थंड झालं की कूलंट आकसतं, आत पोकळी तयार होते, ही वॉल उघडते आणि टाकीतलं कूलंट परत ओढून घेतलं जातं. जाणं-येणं असं दोन्ही चाललं पाहिजे. तुझं जाणं चालू आहे, येणं बंद. म्हणून टाकी भरलेली, रेडिएटर रिकामा आणि पोकळीमुळे होज चपटा. रोज सकाळी तू वरून पाणी घालतोस, ते परत टाकीत जातं, टाकी सांडते. चक्र.

छोटी वॉल चिकटली असणार. झाकण बदल. कंपनीचंच घे आणि आकडा तोच बघ, जास्त दाबाचं घेऊन गाडी जास्त थंड होत नाही, फक्त होज फाटतात.

---

काजूगर | सोमवार, रात्री ९:१०

साडेआठ हजारांवरून झाकणावर आलो. मास्तर, तुम्ही गॅरेज का नाही काढलंत?

---

फोंड्याचा_मास्तर | सोमवार, रात्री ९:१२

पोरांचं गणित सुधारण्यात आयुष्य गेलं.

---

शिगमोवाला | गुरुवार, रात्री १०:३०

मास्तर, वाईट बातमी. नवीन झाकण लावलं, ओरिजिनल, १.१ छापलेलं. मंगळवारी सकाळी भरून निघालो. बुधवारी सकाळी होज परत चपटा. आज पण. जुन्या झाकणाची छोटी वॉल नखाने ओढून बघितली तर व्यवस्थित उघडते-मिटते, म्हणजे ते बिचारं निर्दोष होतं. आता गॅस्केटच का?

---

पेडण्याची_पोर | गुरुवार, रात्री १०:४५

नाही रे, गॅस्केट गेलं असतं तर पोकळी कशाला होईल, उलट दाब राहिला असता ना सकाळी पण? मला वाटतं मास्तरांचं निदान बरोबर आहे, जागा चुकली.

---

फोंड्याचा_मास्तर | गुरुवार, रात्री ११:०५

पोर बरोबर बोलतेय. चुकलो. उद्या विचार करून लिहितो, आता डोळे मिटतायत.

---

कुटबणवाला | शुक्रवार, पहाटे ५:२०

मी बाईकवाला नाही, ट्रॉलरची इंजिनं करतो. धागा पहिल्यापासून वाचतोय, बोलू का नको करत होतो, मराठी लिहायची सवय कमी, चुकलं तर सांभाळून घ्या.

बोटीवर दोन पाणी असतात. इंजिनच्या आत गोडं पाणी कूलंट घालून फिरतं, ते कधी बाहेर जात नाही. आणि दर्याचं खारं पाणी पंपाने ओढून कूलरमधून फिरवून परत दर्यात सोडतो, त्या खाऱ्या पाण्याने आतलं गोडं पाणी थंड होतं. म्हणजे तुमचा वारा तो आमचा दर्या. खारं पाणी धातू खातं म्हणून कूलरमध्ये जस्ताचे रॉड लावतो, ते आधी झिजतात आणि कूलर वाचतो. रॉड बदलायचे, पंपाचा रबरी इंपेलर बदलायचा, चाळणीत अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या काढायच्या. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्या दोन महिन्यांत आमचं हेच चालतं.

आता मुद्दा. ओढणाऱ्या बाजूला, म्हणजे पंपाच्या आधी, आम्ही कधी साधा मऊ होज लावत नाही, आत तार घातलेला लावतो. का, तर साधा होज ढकलणाऱ्या पाण्याला चालतो पण ओढल्यावर चपटा होऊन चिकटतो. पाणी जाताना जाईल, येताना नाही. त्यातून गरम झाला तर जास्तच.

बाबा, तुझ्या झाकणाकडून टाकीकडे जाणारी ती बारीक नळी कसली आहे? काळी रबरी का दुसरी?

---

शिगमोवाला | शुक्रवार, सकाळी ७:५५

पारदर्शक आहे!! आत्ता टॉर्च मारून बघितली. फिश टँकला असते तसली.

आठवलं आता. गेल्या पावसात उंदरांनी ओरिजिनल नळी कुरतडली होती, रस्त्यावरच्या एका गॅरेजमध्ये ही लावून घेतली, त्याने दहा रुपये पण घेतले नाहीत, म्हणाला राहू दे. मी खूश.

---

फोंड्याचा_मास्तर | शुक्रवार, सकाळी ८:१०

कुटबणवाले, दंडवत. जाण्या-येण्याची गोष्ट मीच लिहिली आणि वाटेकडे बघितलंच नाही, झाकणावरच अडकलो.

---

डिचोलीकर | शुक्रवार, सकाळी ८:३०

मग सुरुवातीचे आठ-नऊ महिने चालली कशी?

---

कुटबणवाला | शुक्रवार, दुपारी १:४०

नवीन असताना ती नळी जरा कडक असते. गरम कूलंट लागून लागून मऊ पडते. आणि थंडीत एवढं पाणी बाहेर जातच नाही, मे महिन्यात जॅममध्ये जातं.

---

शिगमोवाला | शनिवार, रात्री ९:५०

काळी रबरी नळी आणली, जाड भिंतीची, चिमटीत दाबली तर लगेच परत गोल होते. एक फूट, साठ रुपये, दोन क्लिपांसकट. काल रात्री लावली, टाकीत मिन आणि मॅक्सच्या मध्ये कूलंट ठेवलं, मुद्दाम जॅममध्ये फिरून आलो. रात्री टाकी मॅक्सवर, सकाळी खाली मधोमध, होज गोल. झाकण उघडलं तर काठापर्यंत भरलेलं. आईला बोलावून दाखवलं, तिने बघितलं आणि चहा ओतायला गेली.

पण आतलं पाणी तांबूस झालंय, पंधरा दिवस घरचं ओतत होतो त्याचा प्रसाद. आता फ्लश करतो. कसं करू?

---

फोंड्याचा_मास्तर | शनिवार, रात्री १०:४०

गाडी थंड. वॉटर पंपाच्या खाली ड्रेन बोल्ट असतो, त्याखाली पसरट भांडं ठेव, बोल्ट काढ, मग वरचं झाकण उघड म्हणजे भस्सकन येईल. त्या बोल्टला तांब्याचा वॉशर असतो तो नवीन घाल, आणि बोल्ट अ‍ॅल्युमिनियममध्ये बसतो, ताकद दाखवू नको. टाकीतलं पण काढ, लोक ते विसरतात. मग डिस्टिल्ड वॉटर भरून थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप) उघडेपर्यंत इंजिन चालव, म्हणजे वरचा होज हाताला अचानक गरम लागेल तोपर्यंत. त्याआधी पाणी रेडिएटरमधून फिरतच नाही आणि अर्धी घाण ब्लॉकमध्येच राहते. थंड होऊ दे, काढ. स्वच्छ येईपर्यंत, तुला दोन-तीनदा लागेल.

आता एक बारीक गोष्ट. कितीही काढलंस तरी फ्लशचं पाणी थोडं आत राहतंच. त्यावर तयार मिसळलेलं कूलंट भरलंस की ते पातळ होतं. म्हणून मी कॉन्सन्ट्रेट आणतो, मॅन्युअलमध्ये एकूण किती लिटर ते बघतो, त्याच्या निम्मं कॉन्सन्ट्रेट आधी ओततो आणि उरलेलं डिस्टिल्डने भरतो. हिशेब आपोआप जमतो.

रंगावर जाऊ नको. हिरवं, लाल, निळं हे कंपन्यांचे रंग, त्याचा कुठलाही सर्वमान्य नियम नाही. आतली रसायनं वेगळी असतात आणि दोन जातींची मिसळली तर कधी कधी गाळ धरतो. मॅन्युअलमध्ये लिहिलेली जात घे, आणि बदलायची मुदत पण तिथलीच पाळ, बऱ्याच बाईक्सना ती दोन वर्षं असते.

भरताना गाडीचं पुढचं चाक चढावर ठेव म्हणजे रेडिएटरचं तोंड सगळ्यात उंच येईल. हळूहळू ओत, होज दाबत रहा, बुडबुडे येतील. झाकण न लावता इंजिन चालू ठेव, पातळी खाली गेली की भर. हवा अडकली तर नवीन कूलंट, नवीन नळी, सगळं असून गाडी तापेल आणि तू इथे दुसरा धागा काढशील.

---

पेडण्याची_पोर | रविवार, सकाळी ९:००

आणि काढलेलं कूलंट अंगणात किंवा गटारात ओतू नको प्लीज. गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मूत्रपिंडं जातात, थोडंसं पण पुरतं. आमच्या शेजारचा कुत्रा असाच गेला. झाकणाच्या कॅनमध्ये भर, वर नाव लिही आणि जे गॅरेज जुनं ऑईल गोळा करतं त्यांना विचार, काहीजण घेतात.

---

काजूगर | रविवार, सकाळी ११:२०

अवांतर: बाबांना धागा वाचून दाखवला. म्हणाले जीपचा रेडिएटर वीस वर्षांत चार वेळा डाग दिला आणि एकदा अख्खा बदलला. हे मला आज कळतंय. माझे शब्द मागे.

---

शिगमोवाला | पुढचा रविवार, संध्याकाळी ७:१५

फ्लश तीनदा केला, पहिल्यांदा पाणी कोकम सरबतासारखं आलं. आज मुद्दाम चोर्ला घाट चढून आलो, मागे मित्राला बसवून, साखळीपासून वरपर्यंत चार दांड्या, एकदा ट्रकच्या मागे पाच झाल्या, फॅन लागला आणि परत चार. जुनं कूलंट पाच लिटरच्या कॅनमध्ये आहे, वर मार्करने कवटी काढलीय.

कुटबणवाले बाब, देव बरें करूं. कुटबणला आलो तर भेटायचंय.

---

कुटबणवाला | पुढचा रविवार, रात्री ८:००

१ जूनच्या नंतर ये. तेव्हा सगळी इंजिनं उघडी असतात, दाखवतो.

---

डिचोलीकर | पुढचा रविवार, रात्री ८:२५

आत्ता खाली जाऊन माझी बघून आलो. पारदर्शक आहे.